यीस्टचा मेटिंग टाइप बदलताना पाहायचा असेल तर: काप, नक्कल आणि मधला तास

हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) यीस्टची पेशी दोनपैकी एका मेटिंग टाइपची, म्हणजे जोडीदार कोण हे ठरवणाऱ्या प्रकाराची असते, ए किंवा अल्फा. ए पेशीचं जुळतं ते अल्फाशी, अल्फाचं ए-शी. सारख्या टाइपच्या दोघींचं जमत नाही. पाव फुगवणारं आणि मद्य बनवणारं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी निसर्गात या अडचणीवर सरळ उपाय करतं. एकटी पडलेली पेशी स्वतःचाच टाइप बदलते आणि आपल्याच वंशातल्या पेशीशी जुळते. त्यासाठी ती स्वतःचं गुणसूत्र एका ठरलेल्या जागी तोडते आणि ती जागा त्याच गुणसूत्रावर दुसरीकडे जपून ठेवलेल्या मजकुराची नक्कल करून भरते.

हे सगळं स्वतःच्या हातानं, घड्याळ लावून बघायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एम.एस्सी.चा प्रकल्प असो की पीएचडीचं पहिलं वर्ष, माझा आग्रह एकच असतो: कापात फार गुंतू नका. काप पाडणं यातलं सर्वांत सोपं काम. त्यानंतरच्या तासाभरात पेशी काय करते, तेच बघण्यासारखं आहे. नमुने, प्राइमर (पीसीआरमध्ये डीएनएची नक्कल सुरू करून देणारे छोटे तुकडे), ब्लॉट (डीएनएचे तुकडे आकारानुसार पट्ट्यांत दाखवणारी चाचणी), सगळं त्या तासाभोवती आखा.

आधी नकाशा काढा

एक कागद घ्या आणि तिसरं गुणसूत्र आडवं काढा. लांबी सुमारे ३१५ हजार बेसजोड्या. सेंट्रोमिअरच्या (पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं त्या जागेच्या) उजवीकडे, डाव्या टोकापासून सुमारे २०० हजारांवर 'मॅट' ही जागा. पेशी ए की अल्फा, हे इथे काय लिहिलंय त्यावर ठरतं. डाव्या टोकाजवळ 'एचएमएल', उजव्या टोकाजवळ 'एचएमआर'. बहुतेक जातींत एचएमएलमध्ये अल्फाचा मजकूर असतो आणि एचएमआरमध्ये ए-चा. मजकूर पूर्ण असूनही या दोन्ही जागा गप्प असतात, कारण सर प्रथिनं त्यांना घट्ट क्रोमॅटिनमध्ये (डीएनए आणि हिस्टोन प्रथिनांच्या गुंडाळीत) गुंडाळून ठेवतात. त्यातलं सर-२ हे हिस्टोनवरचे अ‍ॅसिटाइल गट काढणारं एन्झाइम आहे आणि त्याला एनएडी लागतं.

आता मॅटचे भाग पाडा. डावीकडून उजवीकडे डब्ल्यू, एक्स, वाय, झेड-१, झेड-२. फरक असतो तो फक्त वाय भागात. ए-चा वाय सुमारे ६५० बेसजोड्यांचा, अल्फाचा सुमारे ७५०, आणि दोघांत साम्य जवळपास नाही. बाकीचे भाग समान आहेत. एचएमएलमध्ये पाचही भाग असतात, एचएमआरमध्ये फक्त एक्स, वाय आणि झेड-१. हा फरक नकाशावर ठळक लिहून ठेवा. प्राइमर निवडताना त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही.

तीन ठिकाणी मजकूर, त्यातला एकच वाजतो. १९७७ मध्ये हिक्स, स्ट्रॅथर्न आणि हर्स्कोविट्झ यांनी याला कॅसेट मॉडेल म्हटलं: मॅट म्हणजे टेपरेकॉर्डर, बाकी दोन म्हणजे कपाटातल्या कॅसेट. ओशिमा आणि ताकानो यांनी १९७१ मध्येच या दिशेनं विचार मांडला होता. हे जनुक पुढे क्लोन झाल्यावर मॉडेल खरं ठरलं. एक सुधारणा मात्र मनात ठेवा. इथे कॅसेट कपाटातून निघून जात नाही. तिची नक्कल होते आणि मूळ प्रत जागेवरच राहते. म्हणून पेशी पुन्हा पुन्हा इकडून तिकडे जाऊ शकते.

कोण बदलतं, कधी बदलतं

कापणाऱ्या एन्झाइमचं नाव एचओ. प्रयोगशाळेतल्या बहुतेक जातींत हे जनुक निकामी असतं, आणि ते बरंच आहे, नाहीतर कुठलीच हॅप्लॉइड जात टिकली नसती. निसर्गातल्या जातींत ते चालू असतं, पण शिस्तीत. ते फक्त एकदा तरी विभागलेल्या मातृपेशीत, जी-१ टप्प्याच्या शेवटी चालू होतं. नुकत्याच जन्मलेल्या कन्यापेशीत नाही. कारण अ‍ॅश-१ या प्रथिनाचा एमआरएनए मातृपेशीतून अ‍ॅक्टिनच्या धाग्यांवरून कळीच्या टोकाकडे ओढून नेला जातो. अ‍ॅश-१ कन्येत साठतं आणि एचओ दाबून ठेवतं. ए आणि अल्फा जुळून डिप्लॉइड (दोन संचांची पेशी) झाल्यावर ए-१ आणि अल्फा-२ ही प्रथिनं मिळून एचओ कायमचं बंद करतात. जोडीदार मिळाल्यावर टाइप बदलण्याची गरजच काय!

जाता जाता: क्रोमॅटिन हलवणारी स्वि-स्नफ यंत्रणा जी हाती लागली, त्यात या एचओ जनुकाचा मोठा वाटा. यीस्ट टाइप का बदलत नाही हे शोधणाऱ्यांना ती जनुकं सापडली, आणि आज माणसातल्या अनेक कॅन्सरमध्ये त्यांचीच भावंडं बिघडलेली दिसतात.

टेट्राड (चार बीजाणूंचा गट) फोडायचा सूक्ष्मदर्शक असेल तर हा मातृ-कन्या नियम डोळ्यांनी बघता येतो. एचओ चालू असलेल्या जातीचा एक बीजाणू आगारवर ठेवा. पहिल्या विभाजनानंतर दोन पेशी, दोन्ही मूळ टाइपच्या. त्या सुईनं वेगळ्या करा आणि कोणती आई, कोणती मुलगी, हे लक्षात ठेवा. आता आई बदलेल, आणि बदल डीएनएच्या प्रतिकृतीच्या आधी झाल्यामुळे ती आणि तिची दुसरी मुलगी, दोघी नव्या टाइपच्या निघतील. पहिली मुलगी आणि तिची मुलगी जुन्याच राहतील. चार पेशींत दोन-दोनची वाटणी. कोण काय, हे बघायला अल्फा फॅक्टर वापरा. १३ अमिनो आम्लांच्या या फेरोमोनजवळ ए पेशी कळी थांबवून नाशपातीसारखी लांबट होते, अल्फा पेशी निवांत कळ्या काढत राहते. हात थोडा स्थिर हवा, एवढंच.

प्रयोग लावणे

वरच्या पद्धतीत एकेक पेशी दिसते, पण रेणूंचं काही कळत नाही. त्यासाठी कोट्यवधी पेशींत एकाच वेळी काप पाडावा लागतो. उपाय म्हणजे गॅल-एचओ: एचओ जनुकाला गॅलॅक्टोजनं चालू होणारा प्रमोटर (जनुक चालू-बंद करणारा डीएनएचा भाग) जोडलेली जात. गॅलॅक्टोज घातला की काप, ग्लुकोज घातला की बंद.

जात कोणती घ्यायची? मी नवख्यांना मॅट-ए, एचएमएलमध्ये अल्फा आणि एचएमआर काढून टाकलेली जात सुचवतो. एचएमआर का काढायचं? ते शिल्लक असेल तर थोड्या पेशी तिथून ए-चीच नक्कल करतात. म्हणजे ए-च्या जागी पुन्हा ए, आणि ब्लॉटवर काहीच झालं नाही असं दिसतं. सोबत तुलनेसाठी दोन्ही कॅसेट काढलेली जात ठेवा, जेकेएम १३९ सारखी. तिच्यात काप पडतो पण नक्कल करायला काहीच नसतं.

आदल्या रात्री वायपीडीतली (ग्लुकोजच्या नेहमीच्या माध्यमातली) वाढ घ्या आणि पेशी नीट धुवा. ग्लुकोजचा अंश राहिला तर गॅल प्रमोटर उठत नाही, आणि फसलेल्या प्रयोगांमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. मग लॅक्टेट किंवा २ टक्के रॅफिनोज असलेल्या माध्यमात वाढवा. या दोन्हींत गॅल प्रमोटर दबलेलाही नसतो आणि चालूही नसतो. वाढ सावकाश होते, म्हणून वेळेचा हिशेब आधीच करा. घनता मिलिलिटरला ५० लाख ते १ कोटी पेशी इथवर आली की शून्य वेळेचा नमुना काढा आणि मगच गॅलॅक्टोज घाला, शेवटी २ टक्के होईल इतका. २० टक्क्यांचं द्रावण आधी गाळून ठेवलेलं असावं.

अर्ध्या ते एका तासात जवळपास सगळ्या पेशींत मॅट कापलं जातं. तासाभरानं २ टक्के ग्लुकोज घाला. हे विसरू नका, कारण टाइप बदलल्यावर एचओची ओळखखूण पुन्हा जशीच्या तशी तयार होते. एचओ शिल्लक असेल तर नवी मॅट-अल्फासुद्धा कापली जाईल आणि तुमचे आकडे गोंधळतील. सुदैवानं एचओ प्रथिन फार काळ टिकत नाही. प्रमोटर बंद झाला की ते लवकरच नाहीसं होतं.

त्यानंतर पहिले दोन तास दर १० ते १५ मिनिटांनी, मग अर्ध्या तासानं नमुने घ्या. नमुना लगेच बर्फात. सोडियम अझाइड वापरत असाल तर ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि त्याचा कचरा वेगळा ठेवा. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा: एक सदर्न ब्लॉट आणि पीसीआरसाठी, दुसरा फॉर्माल्डिहाइड देऊन क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशनसाठी (एखादं प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय हे दाखवणारी पद्धत). दुसरा भाग आज वापरायचा नसला तरी राखून ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात अख्खा प्रयोग पुन्हा करावा लागतो.

त्या तासात काय घडतं

एचओ वाय आणि झेडच्या सीमेवर, सुमारे २४ बेसांच्या खुणेत कापतं. दोन्ही बाजूंना ४ बेसांची ३-प्राइम टोकं उरतात. एचएमएल आणि एचएमआरमध्येही हीच खूण असते, पण क्रोमॅटिनच्या आवरणामुळे एचओला ती मिळत नाही. सर जनुक बिघडवा, लगेच त्याही कापल्या जातात.

काप पडल्यावर ५-प्राइम टोकं कुरतडली जातात. सुरुवात एमआरएक्स आणि साए-२ ही प्रथिनं करतात, लांब पल्ल्याचं काम एक्झो-१ आणि एसजीएस-१ व डीएनए-२ ची जोडी. वेग साधारण तासाला ४ हजार बेस. या कुरतडण्याला सीडीके-१ (पेशीचक्र पुढे ढकलणारं एन्झाइम) लागतं. अल्फा फॅक्टरनं मॅट-ए पेशी जी-१ मध्ये अडकवून ठेवल्या, तर काप पडतो पण पुढचं काम अडतं. कापाचा पट्टा आला, नवा पट्टा येत नाही, तर पेशी कुठल्या टप्प्यावर आहेत हे आधी तपासा.

उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर आधी आरपीए हे प्रथिन बसतं. मग रॅड-५२ च्या मदतीनं रॅड-५१ त्याची जागा घेतं आणि धागा जुळणारा मजकूर शोधायला निघतो. रॅड-५१ चं इम्युनोप्रेसिपिटेशन केलंत तर ते आधी मॅटवर दिसेल आणि थोड्या वेळानं एचएमएलवर. या दोन क्षणांतलं अंतर म्हणजे शोधाला लागलेला वेळ. मला या प्रयोगात सर्वांत देखणा भाग हाच वाटतो: १८० हजारांहून जास्त बेसजोड्या दूर असलेली जागा पेशी मिनिटांच्या हिशेबात शोधून काढते.

आत शिरतं ते उजवीकडचं, झेडचं टोक. नकाशाकडे पाहा: कापाच्या उजवीकडे लगेच झेड सुरू होतो आणि तो एचएमएलमध्येही तसाच आहे, सुमारे ३२७ बेसांचा. डावीकडे मात्र ए-चा वाय, ज्याच्याशी एचएमएलमधलं काही जुळत नाही. म्हणून झेडचा ३-प्राइम शेवट एचएमएलमध्ये शिरून प्राइमर बनतो आणि पॉलिमरेज तिथून अल्फाचा वाय, मग एक्स अशी नक्कल सुरू करतं. पीसीएनए (पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणारं प्रथिन) लागतं. पण नेहमीच्या प्रतिकृतीत सुरुवात करून देणारं ओआरसी आणि धागे उलगडणारं एमसीएम यांची गरज पडत नाही. म्हणजे नक्कल खरी, पण तिची यंत्रणा हलकी.

हा टप्पा पकडायला साधा पीसीआर पुरतो. एक प्राइमर अल्फाच्या वायमध्ये, दुसरा मॅटच्या उजवीकडे, एचएमएलशी साम्य जिथे संपतं त्याच्याही पलीकडे. सुरुवातीला हे दोन प्राइमर गुणसूत्रावर एकमेकांपासून इतके दूर असतात की काहीच वाढत नाही. आत शिरलेल्या टोकाला चाळीसेक बेस जोडले गेले की पट्टा उमटतो, आणि तो सदर्नवरच्या अंतिम पट्ट्याच्या सुमारे अर्धा तास आधी दिसतो. माझ्या मते हा पीसीआर केल्याशिवाय प्रयोग पूर्ण झाला असं म्हणू नये.

शेवटची पायरी: लांबलेला धागा एचएमएलवरून सुटतो आणि डावीकडच्या टोकाशी एक्स भागात जुळतो. तिथे ए-च्या वायची न जुळणारी शेपटी लोंबत असते, ती रॅड-१ आणि रॅड-१० कापतात. मग दुसरा धागा भरला जातो. २००६ मध्ये यीस्टवर काम करणाऱ्या जेम्स हाबर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की मॅटवर येणारे दोन्ही धागे नवे असतात, एचएमएल मात्र जसंच्या तसं राहतं. क्रॉसओव्हर (जुळलेल्या दोन जागांत डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल) फार क्वचित होतो, आणि ते महत्त्वाचं आहे. मॅट आणि एचएमआर यांच्यात क्रॉसओव्हर झाला तर मधली अत्यावश्यक जनुकं गळून जातात आणि हॅप्लॉइड पेशी मरते.

या नक्कलेत चुकाही जास्त होतात. २०१० मध्ये याच प्रयोगशाळेनं मोजलं तेव्हा उत्परिवर्तनाचा दर नेहमीपेक्षा सुमारे हजारपट निघाला. दुरुस्ती म्हटली की आपण ती निर्दोष धरून चालतो. तसं धरू नका.

कुठली कॅसेट घ्यायची

ए पेशीनं एचएमएल घ्यावं, अल्फानं एचएमआर, तरच बदलाला अर्थ. प्रत्यक्षात ८५ ते ९० टक्के वेळा तसंच होतं. गंमत म्हणजे पेशी मजकूर वाचून निवडत नाही, जागा बघून निवडते. एचएमएल आणि एचएमआरमधला मजकूर अदलाबदल करून ठेवला तरी ए पेशी डावीकडेच जाते. एचएमएलपासून सुमारे १७ हजार बेसांवर ७०० बेसांचा एक लहानसा पट्टा आहे, रिकॉम्बिनेशन एन्हान्सर. ए पेशीत त्यावर एफकेएच-१ बसतं. त्या प्रथिनाचा एक भाग कापाजवळच्या फॉस्फेट लागलेल्या प्रथिनांना धरतो आणि डावी बाजू कापाकडे ओढली जाते. अल्फा पेशीत अल्फा-२ आणि एमसीएम-१ हा पट्टा बंद करतात, मग एचएमआर जिंकतं. पट्टा काढून टाकलेली मॅट-ए जात मिळाली तर जरूर चालवा. ती एचएमएलकडे क्वचितच वळते.

ब्लॉट वाचताना

डीएनए एसटीवाय-१ या कापणाऱ्या एन्झाइमनं कापा आणि प्रोब (हवा तो तुकडा ओळखणारा खुणेचा डीएनए) मॅटच्या उजवीकडचा घ्या. ए, अल्फा आणि एचओनं कापलेला तुकडा तिन्ही वेगळ्या ठिकाणी दिसतात, कापलेला सर्वांत खाली. शून्य वेळेला फक्त ए. मग ए पुसट होत जातो, काप ठळक होतो, आणि काप पडल्यापासून सुमारे तासाभरानं अल्फा वर येऊ लागतो. प्रत्येक ओळीत एका असंबद्ध जनुकाचा प्रोबही लावा, नाहीतर कमी डीएनए भरला की बदल झाला, हे सांगता येणार नाही.

ए पट्टा अर्ध्यावरच थांबला तर ग्लुकोज शिल्लक होता किंवा जातीची गॅल जनुकं बिघडलेली आहेत. कापलेला पट्टा आला आणि नवा न येता हळूहळू विरला, तर टोकं कुरतडली जाताहेत पण शिरकाव होत नाही. रॅड-५२ नसलेल्या जातीत नेमकं हेच दिसतं, आणि दोन्ही कॅसेट नसलेल्या जातीतही. त्या जातीला गॅलॅक्टोजच्या प्लेटवर कायम ठेवलं तर हजारात दोनेक पेशी जगतात. त्यांनी टोकं कशीबशी चिकटवलेली असतात आणि त्या नादात एचओची खूण बिघडलेली असते.

शेवटी काही वसाहती घेऊन तीन प्राइमरचा नेहमीचा पीसीआर करा: अल्फाला ४०४, ए-ला ५४४ बेसजोड्या. दोन्ही पट्टे आले तर घाबरू नका. बदललेल्या आणि न बदललेल्या पेशींनी तिथल्या तिथे लग्न उरकून डिप्लॉइड केलेली असू शकते.

विखंडन यीस्टचं गणित वेगळं

शायझोसॅकरोमायसिस पॉम्बेमध्ये एचओसारखं कापणारं एन्झाइम नाहीच. इथे प्रतिकृतीच कापाला कारण होते. दुसऱ्या गुणसूत्रावर मॅट-१ चालू, आणि मॅट-२-पी व मॅट-३-एम गप्प. मॅट-१ मधून प्रतिकृतीचा काटा (धागे उलगडून प्रतिकृती जिथे होत असते ती पुढे सरकणारी जागा) एकाच दिशेनं जावा अशी सोय असते. दुसऱ्या बाजूनं येणारा काटा आरटीएस-१ या जागी थांबवला जातो. योग्य दिशेनं आलेला काटा स्वि-१ आणि स्वि-३ मुळे मॅट-१ वर थबकतो, आणि लॅगिंग (तुकड्यातुकड्यांनी बनणारा) धागा बनताना त्या धाग्यावर एक ठसा उमटतो, रायबोन्यूक्लिओटाइडशी निगडित अशी कमकुवत जागा. पुढच्या प्रतिकृतीत लीडिंग (सलग बनणाऱ्या) धाग्याचं पॉलिमरेज तिथे पोचतं, धागा तुटतो, आणि ते टोक मॅट-२ किंवा मॅट-३ मध्ये शिरून नक्कल करतं.

परिणाम असा की ठसा असलेली पेशी विभागली की एकच मुलगी बदलते. ठसा नसलेली पेशी विभागली तर दोघीही जुन्याच, फक्त एकीला ठसा मिळतो. म्हणून चार नातींत एकच बदललेली. मियाता दांपत्यानं १९८१ मध्ये पेशींच्या वंशावळी काढून हे दाखवलं. हा फरक डीएनएच्या कुठल्या धाग्याचा वारसा मिळाला यावर ठरतो, हे पंजाबात जन्मलेल्या अमर क्लार यांनी १९८७ मध्ये मांडलं.

पॉम्बेची एक चाचणी मात्र जवळजवळ फुकटची आहे. वसाहती उपासमारीच्या माध्यमावर वाढू द्या आणि प्लेट आयोडीनच्या वाफेवर धरा, फ्यूम हूडमध्येच. नीट बदलणाऱ्या एच-९० जातीच्या वसाहतीत भरपूर बीजाणू होतात, त्यांच्या भिंतीतलं स्टार्चसारखं द्रव्य वाफेनं काळपट होतं. बदल कमी झाला की वसाहत ठिपक्याठिपक्यांची, अजिबात नसला की पिवळट.

ब्लॉटवर मात्र इथे फसायला होतं. हिंडIII या एन्झाइमनं कापल्यावर मॅट-१ चा १०.४, मॅट-२ चा ६.३ आणि मॅट-३ चा ४.२ हजारांचा पट्टा मिळतो, आणि शिवाय मॅट-१ तुटल्यासारखे दोन तुकडे. ते पाहून पेशीत सतत काप पडलेला असतो असं बरीच वर्षं मानलं गेलं. पण ठशाची जागा इतकी नाजूक आहे की डीएनए काढतानाच ती तुटते. पेशी आगारोजच्या ठोकळ्यात घेऊन तिथेच भिंत विरघळवली, तर हे तुकडे बरेच कमी होतात. पॉम्बेमध्ये कापाची टक्केवारी सांगायची असेल, तर ठोकळ्यातला डीएनए वापरा.